घरच्या छापखान्याचा इतिहास कसा जुळवायचा

सगळ्यात आधी भंगारवाल्याला थांबवा. वंशावळ, प्रस्तावना, मुखपृष्ठ हे सगळं नंतर बघता येईल.

२००६ साली आमच्या सांगलीच्या छापखान्यातले खिळे, म्हणजे जुळणीची शिशाची अक्षरं, विकले गेले तेव्हा मी दारातच उभी होते. वीस वर्षं त्या खिळ्यांची प्रुफं वाचली होती मी. पोत्यात भरले, काट्यावर चढवले आणि शिशाच्या भावाने गेले. आजेसासऱ्यांनी १९३८ साली ज्या केसीतून (खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीतून) पहिली लग्नपत्रिका जुळवली असं घरात सांगतात, ती केस रिकामी होऊन माळ्यावर गेली. तिच्या खणांत जाऊबाईंनी पुढे शिवणाची रिळं आणि बटणं ठेवली. त्या दिवशी कुणी चार गोष्टी बाजूला काढायला सांगितल्या असत्या तर माझं पुढचं काम निम्म्याने हलकं झालं असतं. ते कुणी सांगितलं नाही, म्हणून आता मी सांगते.

विकायचंच असेल तर विका, जागा कुणालाच फुकट मिळत नाही. पण एका टाईपाची एक पूर्ण केस राहू द्या. एक स्टिक (खिळे जुळवायची हातातली पट्टी), एक गॅली (जुळवलेल्या ओळी ठेवायचं ताट) आणि एक चेस (त्या आवळून बसवायची चौकट) ठेवा. ब्लॉक, म्हणजे चित्रांचे ठसे, सगळेच्या सगळे ठेवा, एकही देऊ नका. ते का, ते पुढे येईल. नंबरिंग मशीन ठेवा, कारण त्यावर शेवटचा आकडा तसाच थांबलेला असतो. मशिनींवरच्या पितळी किंवा बिडाच्या पट्ट्यांचे फोटो काढा. बनवणाऱ्याचं नाव आणि मशीनचा नंबर त्यावर असतो. हायडलबर्गसारख्या मशीनचं बनावटीचं साल त्या नंबरवरून काढता येतं. अमृतसरला बनलेल्या ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छोट्या छपाई मशीनवर) निदान बनवणाऱ्याचं नाव तरी सापडतं. आणि खिळे हाताळून झाले की हात साबणाने धुवा. खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. जुन्या खिळ्यांवर पांढरी भुकटी धरली असेल तर ती फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. आमचे जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, त्याच हातांनी भाकरी खायचे आणि त्याची बढाईही मारायचे. त्यांचं अनुकरण करू नका.

पानाच्या तळाची ओळ

प्रुफं वाचणाऱ्या माणसाला एक खोड लागते. वरचं ठळक सगळेच वाचतात, म्हणून तो आधी तळाचं बारीक वाचतो. छापखान्याचा इतिहास त्या बारकात असतो. छापखाना जन्मभर दुसऱ्यांचं छापतो: दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांची दुकानं, दुसऱ्यांच्या निवडणुका. स्वतःचं म्हणून तो प्रत्येक कामावर एकच ओळ छापतो, मुद्रकाची. आधी ती ओळ शोधायला शिका.

सरावासाठी एक नामांकित घराणं घ्या. मुंबईचा निर्णयसागर छापखाना जावजी दादाजी यांनी १८६९ साली काढला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागलेला हा माणूस १८९२ साली वारला. त्या छापखान्याची संस्कृत पुस्तकं जुन्या ग्रंथालयांत अजून सापडतात. वेगवेगळ्या काळातली पाच-सहा समोर घ्या आणि मजकूर न वाचता फक्त नामपत्र व त्याच्या मागची ओळ बघत जा. आधी जावजी दादाजी. मग ‘तुकाराम जावजी’. मग ‘पांडुरंग जावजी’. आणि त्यानंतरच्या पुस्तकांवर ‘सत्यभामाबाई पांडुरंग’. एकही पान न वाचता पिढ्या समोर उभ्या राहतात. शिवाय बऱ्याच पुस्तकांवर मुद्रक म्हणून ‘रामचंद्र येसू शेडगे’ हे नाव दिसतं, जे मालकांच्या आडनावाचं नाही. मालक एक, छापणारा दुसरा, आणि पुढे तर एका बाईच्या नावाने पुस्तकं निघतात. हे सगळं दोन ओळींत आहे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्याकडच्या कामांवरची ओळ पुन्हा वाचायला घेतली. आमच्या घरात इतिहास म्हणजे तीन फोटो होते: आजेसासरे, मामंजी आणि मग आमचे हे व थोरले दीर. त्या तीन फोटोंच्या मधल्या जागेत कितीतरी माणसं होती.

आता ही कामं मिळवायची कुठून? आमच्याकडे प्रत्येक कामाची एक प्रत तारेच्या आकड्याला टोचून ठेवायची पद्धत होती. त्यातली बरीचशी २००५ च्या पुरात गेली आणि उरलेली २०१९ च्या. म्हणून मी गावात मागत फिरले. लोकांच्या घरी आपला छापखाना तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त शिल्लक असतो. लग्नपत्रिका देव्हाऱ्याच्या फळीवर, मुंजीच्या पत्रिका ट्रंकेच्या तळाला, शाळेच्या प्रगतिपुस्तकाचं पुठ्ठ्याचं कव्हर, नाटकाचं हँडबिल, हळदीच्या अडत्याकडची जुनी पट्टी, देवळाच्या वर्गणीची पावती. सांगलीत नाटकाची हँडबिलं कुणी टाकत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक उभं केलं ते इथेच, तेव्हापासूनचा तो गावाचा हट्ट आहे. मूळ कागद मागू नका, कुणी देत नाही आणि देऊही नये. तिथेच बसून मोबाइलवर फोटो काढा: एक पूर्ण कागदाचा, एक तळाच्या ओळीचा, एक पाठीमागच्या बाजूचा. पाठीमागचा कशाला, असं मला पहिल्या दिवशी भाच्याने विचारलं. खिळ्यांनी छापलेल्या कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं की दाब लागतो. ऑफसेटचा कागद दोन्हीकडून सपाट असतो. स्क्रीनची शाई कागदाच्या वर जाड बसते. तारीख नसलेल्या कागदाचं निम्मं वय बोटालाच कळतं.

काही कामांवर मुद्रकाचं नावच नसतं, विशेषतः पत्रिकांवर. अशा वेळी ब्लॉक कामाला येतात. आमच्या गणपतीच्या ब्लॉकच्या सोंडेवर एक ओरखडा होता. तो ब्लॉक कुठेही छापलेला दिसला तरी मी डोळे मिटून सांगते, हे आमचं काम. त्याहून गंमत म्हणजे तो ओरखडा वाढत गेला. आधी केसाएवढा, मग सोंडेपासून कानापर्यंत, आणि शेवटी उजव्या कानाचा टवकाच उडालेला. तारीख असलेल्या पंधरा-वीस पत्रिका ओळीने मांडल्या आणि तारीख फाटलेल्या पत्रिका त्या ओरखड्याच्या लांबीवरून मध्ये बसवल्या. शीर्षकाच्या मोठ्या खिळ्यांचंही तसंच. आमच्या ‘शु’ची शिरोरेषा तुटकी होती, त्यामुळे कित्येक वर्षं गावातला प्रत्येक ‘शुभविवाह’ थोडा लंगडा छापला गेला.

कागदाचं वय

बिलबुकं, पावत्या, पत्रिका यांच्यावर साल नसलं तरी खुणा असतात. मी एका वहीत नोंदत गेलेल्या खुणा इथे देते. तुमच्या गावाप्रमाणे त्यात भर घाला.

पत्ता सगळ्यात बोलका. आमच्या कामांवर ‘सांगली संस्थान’ असेल तर ते मार्च १९४८ च्या आधीचं, कारण तेव्हा संस्थान विलीन झालं. ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर १९४९ ते १९६० मधलं. आताच्या पोरांना हा जिल्हाच ठाऊक नाही. ‘जि. सांगली’ असेल तर १९६० च्या शेवटापासून पुढचं. पिनकोड असेल तर १९७२ च्या ऑगस्टनंतरचं. किंमत रुपये-आणे-पैत असेल तर सहसा एप्रिल १९५७ च्या आधीचं. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे, तो १९५७ ते १९६४ चा काळ. पण सावध राहा, छापील कोरी बिलबुकं संपेपर्यंत वापरली जात. आणे छापलेल्या बिलावर शाईने नवे पैसे लिहिलेले आमच्याकडे आहेत, कारण आजेसासऱ्यांच्या राज्यात कागद फेकणं हे पाप होतं. कराचे नंबरही बघा: व्हॅट महाराष्ट्रात एप्रिल २००५ पासून, जीएसटी जुलै २०१७ पासून. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, मात्र पौष ते फाल्गुनातल्या तारखेला बहुधा ७९ मिळवावे लागतात.

आणि शुद्धलेखन. ही माझी आवडती खूण. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यांनीं’ असे अनुस्वार दिसले की कागद बहुधा १९६२ च्या आधीचा, कारण मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम त्या वर्षी आले. पण आमचे मुख्य जुळारी नाना हे अनुस्वार पुढेही बरीच वर्षं लावत राहिले. मी लग्न होऊन आले तेव्हा, १९८६ साली, त्यांच्या ‘नाहीं’वर मी प्रुफात खूण केली तर म्हणाले, “सूनबाई, ते मी काढीन, पण ते तिथं आहे.” म्हणून ही खूण कागदाला लावण्याआधी जुळाऱ्याला लावून बघा.

वह्या

रोजकीर्द आणि खतावणी मिळाली तर तुमचं नशीब. रोजकीर्दीत दिवसाचं येणं-जाणं असतं, खतावणीत माणसागणिक खातं. पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, कंटाळून सोडून द्याल. आधी लक्ष्मीपूजनाची पानं काढा, कारण नवी वही तिथे सुरू होते आणि मागच्या वर्षाची बाकी तिथे ओढलेली असते. मग खंडेनवमी आणि दसऱ्याची पानं काढा. त्या दिवशी मशिनींची पूजा होते, नोकरांना बक्षिसी मिळते, आणि बक्षिसीच्या यादीत प्रत्येकाचं नाव असतं. मालकाच्या कुठल्याही आठवणीत नसतील एवढी नावं मला त्या एका पानावर मिळाली. मशिनवर कागद लावणारे दोघे, घड्या घालणाऱ्या तिघी, पाणी भरणारा, आणि ‘रुळवाला’. रुळवाला म्हणजे सरस आणि काकवी शिजवून शाईचे रूळ ओतून देणारा माणूस. पावसाळ्यात ते रूळ हवा धरून फुगायचे, म्हणून पावसाळ्यात त्याच्या नावावर जास्त पैसे.

वही मोडीत असेल तर घाबरू नका. पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात आणि मोडी वाचणारी तरुण मंडळी आता बरीच आहेत. मात्र वाचणाऱ्याला छापखान्याचे शब्द आधी लिहून द्या. ‘फर्मा’, ‘दस्ता’, ‘डेमी’, ‘क्वाड’ हे ठाऊक नसतील तर तो भलतंच वाचेल. आमच्या वहीतलं ‘लेड’ (दोन ओळींमध्ये घालायची शिशाची पट्टी) एकाने ‘लाडू’ वाचलं होतं. दसऱ्याच्या पानावर असल्याने मलाही आधी ते पटलं.

माणसांना कसं विचारायचं

मालकांना शेवटी विचारा. आधी जुळारी, मग मशीनमन, मग बाइंडर, आणि घरातल्या बायका. उलट क्रमाने गेलात तर मालकांनी सांगितलेली गोष्टच पुढे सगळे “हो, हो” म्हणून सांगतात.

नानांकडे मी गेले तेव्हा ते ब्याऐंशीचे होते. पहिल्या भेटीत वही उघडून प्रश्न विचारायला लागले, तर ते गप्प बसले. “आता काय आठवतंय,” एवढंच. दुसऱ्या खेपेला मी माळ्यावरची स्टिक पिशवीत घालून नेली. हातात दिली. त्यांचा डावा अंगठा आपोआप स्टिकमध्ये गेला, न दिसणाऱ्या शेवटच्या खिळ्यावर टेकला आणि माणूस बोलायला लागला. दीड तास. तेव्हा अवजार घेऊन जा. मशीनमनला रूळ साफ करायचा चिंधा दिला तरी चालतो.

‘कोणत्या साली’ असं विचारू नका. साल कुणाच्याच लक्षात नसतं आणि विचारलं की लोक एखादं ठोकून देतात. ‘भूकंपाच्या आधी की नंतर’ असं विचारा. आमच्या भागात १९६७ चा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ, आणीबाणी आणि २००५ चा पूर या चार खुंट्या. त्यावर काहीही टांगता येतं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे जमीन हलली तेव्हा आमच्याकडे भिंतीशी उभी केलेली एक घोडी (केसी ठेवायचा लाकडी सांगाडा) आडवी झाली आणि चार केसी खाली आल्या. सगळे खिळे एकमेकांत मिसळले, ज्याला छापखान्यात ‘पाय होणं’ म्हणतात. देवनागरीच्या केसीत जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या मिळून शेकड्यांनी खण असतात. अशा ढिगातून अर्धा ‘त्’ आणि अर्धा ‘न्’ वेगळे करायचे म्हणजे काय, याचा विचार करा. नाना म्हणाले, घरातली पोरं-बाया सतरंजीवर बसून खिळे निवडत होत्या, तांदूळ निवडावेत तसे. थोरल्या दिरांनी अक्षरओळख त्याच सतरंजीवर शिकली, आणि उलटी शिकली, कारण खिळ्यावर अक्षर उलटं असतं.

नाना सांगत, “मोठं मशीन भूकंपाच्या आधीच्या दिवाळीला आलं.” वहीत सिलिंडर मशीनचं बिल १९६९ चं. मी दोन महिने या कोड्यात अडकले आणि मनात नानांना चुकीचं ठरवूनही टाकलं. नंतर मशीनमनच्या मुलाने सांगितलं की १९६७ ला दुसरं, थोड्या मोठ्या मापाचं ट्रेडल आलं होतं आणि दोन वर्षं त्यालाच सगळे ‘मोठं मशीन’ म्हणत. सिलिंडर आल्यावर ती पदवी गेली. तेव्हा कुणी ‘मशीन’ म्हटलं की थांबवून विचारा: कोणतं, कुठे ठेवलेलं, पायाने की मोटरवर?

खंडेनवमीचे फोटो मोठे करून बघा. झेंडूच्या माळा घातलेल्या मशिनीमागे भिंतीवर कॅलेंडर असतं. महिना आणि वारांची मांडणी दिसली तरी साल दोन-तीन पर्यायांवर येतं. आणि फोटोच्या कडेला अर्धवट कापलेला जो माणूस असतो त्याचं नाव आधी विचारा.

कचेरीतला कागद

१८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याने छापखाना चालवणाऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावं लागे आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव व ठिकाण द्यावं लागे. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला. जुनी प्रतिज्ञापत्रं जिल्ह्याच्या किंवा प्रांताच्या कचेरीतल्या अभिलेखात असू शकतात. अर्ज करा, पत्त्यातला प्रत्येक बदल वेगवेगळा लिहा (जागा बदलली की नवं प्रतिज्ञापत्र लागे), आणि तीन-चार खेपांची तयारी ठेवा. मला पाच लागल्या.

दोन गोष्टी हाती आल्या. पहिली, सगळ्यात जुना कागद १९५० चा निघाला आणि घरात एकच गहजब झाला की म्हणजे १९३८ खोटं. खोटं नव्हे. तो कायदा ब्रिटिश हद्दीतला. सांगली संस्थान होतं, विलीनीकरणानंतर इथल्या छापखान्यांना नव्याने नोंद करावी लागली. कागदाची तारीख म्हणजे सुरुवातीची तारीख नव्हे. मिरज, जत, औंध, कोल्हापूर अशा संस्थानी गावातल्या छापखानेवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. १९३८ साठी मला वेगळा पुरावा लागला, आणि तो एका घरी मुंजीच्या पत्रिकेच्या तळाशी मिळाला.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. १९७१ च्या प्रतिज्ञापत्रावर मुद्रक व चालक म्हणून मामंजींचं नाव नव्हतंच. सासूबाईंचं होतं, खाली त्यांची सही, प्रत्येक अक्षर सुटं काढलेली. १९८२ पर्यंत तसंच. मामंजी एका मित्राला जामीन राहिले होते, ते कर्ज अंगावर आलं, आणि छापखान्यावर जप्ती येऊ नये म्हणून तो बायकोच्या नावावर केला होता. कागदोपत्री का होईना, अकरा वर्षं छापखान्याच्या मालक त्या. आणीबाणीत एका पत्रकाची चौकशी झाली तेव्हा पोलिसांपुढे जाऊन उभं राहावं लागलं तेही त्यांनाच. घरात कुणाला विचारा, “आई काय करायच्या छापखान्यात?” उत्तर ठरलेलं: “घड्या घालायच्या.” माझ्या यजमानांनीही हेच सांगितलं होतं. त्या गेल्या तेव्हा मी घरात सहा वर्षं होते, रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर पत्रिका मोजायला बसत होते, आणि मला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुस्तकं छापणारा छापखाना असेल तर आणखी एक खाण आहे. त्याच कायद्याखाली मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांची तिमाही यादी सरकारी गॅझेटात येत असे. त्यात मुद्रकाचं नाव, ठिकाण, पानं, किंमत आणि किती प्रती काढल्या हेसुद्धा असे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांना कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणी प्रत पाठवणं भाग पडलं. म्हणजे तुमच्याकडची प्रत वाळवीने खाल्ली असली तरी दुसरी कुठेतरी असण्याची शक्यता आहे. निवडणुकीच्या पत्रकांचंही असंच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाने मुद्रकाला आपलं व प्रकाशकाचं नाव छापावं लागतं आणि एक प्रत प्रकाशकाच्या प्रतिज्ञापत्रासह जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे धाडावी लागते. आमच्याकडे त्या प्रतिज्ञापत्रांच्या स्थळप्रती एका बिस्किटाच्या डब्यात निघाल्या. कोण कुणाचा प्रचार कुणाच्या पैशाने करत होतं ते सगळं त्यात आहे. मी त्यातलं फार थोडं छापलं. गावात राहायचं आहे.

ओला कागद

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर लोकांनी वह्या उन्हात वाळत घातल्या आणि त्या पापडासारख्या वाकल्या, शाई उडाली. उन्हात घालू नका. सावलीत, पंख्याखाली, दर दहा-बारा पानांमागे कोरा न्यूजप्रिंट घालून ठेवा आणि तो कोरा कागद दिवसातून दोनदा बदला. इस्त्री तर मुळीच नको. सगळं एकदम आवरत नसेल तर वह्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीजरमध्ये टाका. गोठलेल्या कागदाला बुरशी चढत नाही आणि तुम्हाला एकेक वही काढायला वेळ मिळतो. आमच्या वह्या आइस्क्रीमवाल्या शेजाऱ्याकडे दोन महिने होत्या. आर्ट पेपर मात्र ओला असतानाच सुटा करा. तो एकदा चिकटून वाळला की वीट होते, मग देवही सोडवू शकत नाही.

भांडणं

प्रत्येक घरच्या छापखान्यात एक वाटणी असते. आमची १९९८ ची. मिनी ऑफसेट दिरांकडे, खिळे, दोन्ही ट्रेडलं आणि जागा आमच्याकडे. पेपर कटिंग मशीनवरून सहा महिने दोघे भाऊ बोलत नव्हते. इतिहासात हे लिहायचं की नाही? लिहा, पण निवाडा करू नका. दिरांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत, यजमानांचं त्यांच्या शब्दांत, दोन्ही समोरासमोरच्या पानांवर. आणि प्रूफ दोघांनाही दाखवा. दिरांनी माझ्या मजकुरात एकच दुरुस्ती केली: कटिंग मशीनची किंमत. ती त्यांचीच बरोबर होती.

पैशाचं गप्प ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. निदान पगार तरी लिहा. वहीत आहेत, ते उतरवा. कोणत्या वर्षी जुळाऱ्याला किती आणि घड्या घालणारीला हजारी किती, हे लिहिल्याशिवाय ‘सगळे घरच्यासारखे होते’ हे वाक्य छापू नका. मी ते वाक्य पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं आणि पगार उतरवून झाल्यावर खोडलं.

छापताना

पुस्तकाचं माप डेमी १/८ ठेवा, एका तावाचा सोळा पानांचा फर्मा पडतो. दोनशे प्रती पुरे. वंशावळीचा तक्ता घालणार असाल तर त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या टाईपात कामगारांचा तक्ता घाला: नाव, काम, कधीपासून कधीपर्यंत. फोटोंखाली प्रत्येकाचं नाव, आणि ज्यांचं कळलं नाही तिथे ‘नाव मिळाले नाही’ असं स्पष्ट. प्रूफ बाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. मी वीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं वाचली आणि स्वतःच्या पुस्तिकेत आजेसासऱ्यांच्या जन्मसालात दोन आकडे उलटे सोडले. मुद्राराक्षस घरचं-बाहेरचं बघत नाही.

आमचा मजकूर नव्वद पानांत संपला. सहा फर्म्यांची शहाण्णव होतात, म्हणून शेवटची सहा कोरी राहिली. जाहिराती घाला म्हणून पुतण्या मागे लागला होता, मी ती कोरीच ठेवली. पहिली प्रत नानांच्या घरी दिली. नाना तोवर गेले होते, त्यांच्या सुनेने घेतली. महिन्याभराने ती बाई प्रत घेऊन आली. कोऱ्या पानावर तिने सासऱ्यांचा एक फोटो डकवून आणला होता, स्टिक हातात घेतलेला, आणि खाली पेनाने लिहिलं होतं: “हे १९५९ पासून कामाला होते. तुम्ही १९६१ छापलं आहे.”